तुमचा उलटा पाट

ताई,

तुमच्या तेरवीला लोक तुम्हाला गरीब गाय म्हणाले. एखादा म्हणाला असता तर सोडून दिलं असतं, पण पंगतीत बसलेला जो तो तेच. "लय गरीब बाई होती, कोनाच्या अध्यात ना मध्यात." मी वाढत होते. वरणाची बादली तिथंच खाली ठेवली आणि आत निघून गेले, नाहीतर ती कुणाच्या तरी टोपीवर रिकामी झाली असती. तुम्ही आणि गरीब गाय! तुम्ही ट्रॉली मागे घ्यायला लागलात की अख्ख्या इंझोरीतले ट्रॅक्टरवाले आपापली वाहनं आधी बाजूला काढायचे. भासरे, म्हणजे तुमचे मालक, गेले तेव्हा ट्रॅक्टर विकून टाका म्हणून सल्ला द्यायला आलेल्या माणसांना तुम्ही चहा दिलात, आणि त्यांचे कप अजून भरलेले होते तेव्हा त्यांच्यासमोरच स्टार्टर मारून शेतात निघून गेलात. ते सगळे तेरवीच्या पंगतीत होते.

तेरवीच्या पत्रिकेत तुमच्या नावाआधी 'सहनशील, प्रेमळ व धर्मपरायण' असं छापलंय. छापणाऱ्याकडे बायकांसाठी तेवढेच शब्द असावेत. तुम्ही कुठे जन्मलात, कोणाच्या कोण होतात, तेही सगळं त्यात आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. ते मिटवायचा हक्क मी कुणाला दिलेला नाही, आणि तुम्ही निघून गेलात म्हणून मी तो सोडणारही नाही.

भांडण आपल्या गेमच्या मशीनचं, म्हणजे तुमच्या पाटाचं.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा माझ्या पेटीत साड्यांच्या खाली टेस्टर, पकड आणि सोल्डरिंगची इस्त्री होती. कारंज्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेली मी पोरगी. पेटी उघडली तेव्हा आत्याबाई, आपल्या सासूबाई, म्हणाल्या, "हे काय वं, नवरीनं पाने-पकडी आनल्या?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. वर पाहिलंत आणि म्हणालात, "रंजना, हा पंखा लय दिसाचा खुटखुट करून राह्यला. पाह्य बरं." मी हळदीच्या अंगानं स्टुलावर चढले. त्या दिवसापासून मी या घरात जाऊ कमी आणि मिस्त्री जास्त झाले, आणि त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, "पंखा अजून वाजते."

गेमचं खूळ मात्र तुमचं. बैठकीतला जुना शटरवाला टीव्ही, लाकडी खोक्याचा, सरकत्या दाराला कुलूप असणारा, कित्येक वर्षं मेलेला पडून होता. त्यावर फक्त फोटो ठेवायचे. मी तो भंगारात द्यायचं म्हणाले, तेव्हा तुम्ही कामरगावची गोष्ट सांगितलीत. तुमच्या माहेरी, बसस्टँडजवळ, एका पत्र्याच्या खोलीत गेमची मशीन आली होती. भाऊ खेळायला जायचा आणि तुम्ही त्याचं दप्तर धरून दाराशी उभ्या. "हे झालं का तुही पाळी," तो म्हणायचा. मग गेममधलं विमान पडायचं, तो पुढचा डाव टाकायचा, पुन्हा तेच. मशीन गेली, खोली पडली, भाऊ आजोबा झाला, पण तुमची पाळी आली नाही.

"मले ते पाह्यजे," तुम्ही म्हणालात. "ह्याच खोक्यात."

मला वाटलं होतं तुम्ही गंमत करताय. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही कारंज्याहून जुना कॉम्प्युटर आणि त्याचा चपटा पडदा घेऊन आलात. मेलेला टीव्ही आतून रिकामा केला, पडदा त्याच्या जागी बसवला. कुरिअरने खेळायची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, आली, बटणं आली, तळहाताएवढी हिरवी सर्किटपट्टी आली. दांडी-बटणं कशावर बसवायची, तर स्वयंपाकघरातला जेवायचा पाट. खोक्यापुढे दोन लोखंडी पट्ट्या ठोकल्या, पाट त्यात सरकवला, झालं.

मी वायर मागितली वेगवेगळ्या रंगांची. तुम्ही विहिरीच्या मोटरच्या कामातून उरलेलं लाल वायरचं बंडल पुढ्यात टाकलंत. सगळी लाल. मी कपाळाला हात लावला. चारी दिशांच्या चार, बटणांच्या दोन आणि सगळ्यांना मिळून एक, सगळ्या लालच, आणि पाटाखाली त्यांचा गुंता झाला की कोण कोणाची ते देव जाणे. मग तुम्ही शिलाईचा डबा आणलात आणि एकेका वायरला ब्लाऊजचे दोरे बांधत बसलात. वर म्हणजे पोपटी, खाली म्हणजे जांभळा, डाव्याला मोरपंखी, उजव्याला डाळिंबी. तुमच्या गाठी अजून तशाच आहेत. मी तेरवीनंतर पाहिल्या, पण त्याकडे नंतर येते.

चूक माझी झाली. त्या दांडीच्या तळाशी चार बाजूंना चार बारीक स्विच असतात. दांडी डावीकडे ढकलली की तिचं खालचं टोक उजवीकडे जातं आणि उजवीकडचा स्विच दाबतं. मी डावीकडच्या स्विचला डावी वायर जोडली, सरळ हिशेबानं. मशीन सुरू केली, विमानाचा गेम लागला, आणि सगळं उलटं. वर ढकललं की विमान खाली, डावीकडे नेलं की उजवीकडे. मी बसल्या बसल्या ते आपटलं. म्हटलं, थांबा, उलटं झालं, बदलते.

"सरक," तुम्ही म्हणालात आणि बसलात.

आणि तुमचं विमान पडेना. तुम्ही ते गोळ्यांमधून असं काढत होतात की मी पेचकस हातात धरून पाहतच राहिले. मी म्हटलं, ताई, हे उलटं आहे. तुम्ही नजर न काढता म्हणालात, "उलटं कायले? ट्रॉली मांगं घेतानी डावीकडं न्यायची असली तं स्टेरिंग उजवीकडंच फिरवा लागते. मह्या हाताले हे सरळच हाय. तुह्या हाताले सवय नाही."

इथून आपलं भांडण. माझं म्हणणं, डावं ते डावं. शंभर माणसं खेळतील त्यांना जे सरळ, ते सरळ. तुमचं म्हणणं, ती शंभर माणसं ट्रॅक्टर पुढे घेणारी आहेत. तुम्ही वावरात गेलात तेव्हा मी वायरी बदलून टाकल्या. संध्याकाळी तुम्ही बसलात, विमान पहिल्याच गोळीला पडलं, तुम्ही उठलात, भाकरी थापल्यात, आणि माझ्याशी बोलणं बंद. ताटात भाजी वाढायचात ती सुद्धा माझ्याकडे न पाहता. आत्याबाईंना वाटलं वाटण्या होणार.

अबोला तुम्हीच तोडलात. माळ्यावरून तुमच्या लग्नातला पाट काढलात. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुल्या, कामरगावच्या सुताराकडून तुमच्या वडिलांनी करवून घेतलेला. माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "ह्याले भोकं पाड."

माझा हात धजेना. लग्नातल्या पाटाला भोकं कोण पाडतं?

"एक दिवस बसाले देला अन् मंग माळ्यावर टाकला," तुम्ही म्हणालात. "तवापासून वरच हाय. लाकूड कामाले लागू दे जरासं."

मी तरी म्हटलं, दरवेळी वायरी कापून पाट बदलायचा का? तुमचा काढा, माझा जोडा, मला दुसरी कामं नाहीत? तुम्ही उठून अंगणात गेलात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा प्लग घेऊन आलात. ट्रॉलीच्या लाइटांसाठी ट्रॅक्टरला मागे लावतात तो, सात पिनचा. "एका ट्रॅक्टरले कोनतीबी ट्रॉली लागते नं?" आपल्या वायरी मोजल्या, त्याही सात. मला हसू आलं आणि तेही दाखवायचं नव्हतं, म्हणून मी खाली मान घालून इस्त्री तापवत बसले. खोक्याला एक सॉकेट, प्रत्येक पाटाला एक प्लग, पिनांचा क्रम सगळ्यांचा एकच. दुसरी दांडी मागवली, आणि तुमच्या पाटाच्या वायरींनाही तुम्ही तसेच दोरे बांधलेत. उलटं-सुलटं काय ते ज्याचं त्याच्या पाटात. लोक भांडतात आणि चुली वेगळ्या करतात. आपण पाट वेगळे केले आणि मशीन एकच ठेवली.

मग पाट वाढत गेले. निंदण उरकून दुपारी बायका यायला लागल्या. तुमचा नियम एकच होता, दाराशी कुणी उभं राहायचं नाही. जी आली तिची पाळी येणारच. कडेवर लेकरू असलेल्या बाईला एकच हात मोकळा, म्हणून तिच्यासाठी आपण एक पाट केला, त्यात गोळीची वायर कायमची जोडून टाकली. तिनं नुसती दांडी हलवायची, गोळ्या आपोआप सुटत राहतात. तो करताना तुम्ही ज्या आनंदात होतात तशा आनंदात मी तुम्हाला कुठल्याच लग्नात पाहिलं नाही. तुमच्या उलट्या पाटावर मात्र कुणाला खेळता यायचं नाही. बायका बसायच्या, आपटायच्या, हसायच्या, पाट बदला म्हणायच्या. मी तुमच्याकडे पाहायची, म्हणजे, बघा. तुम्ही म्हणायचात, "सवय नाही."

आत्याबाई एकट्या कधी बसल्या नाहीत. तुम्ही दर दुपारी विचारायचात, "आत्याबाई, तुमची पाळी राह्यली." त्या म्हणायच्या, "मह्या मयतीवर खेळा आता." आणि गव्हातले खडे काढत तिथंच बसायच्या, पाठ करून, पण कान इकडे.

तुमच्या दुखण्याबद्दल मी लिहिणार नाही. ते तुम्हाला शोभलं नाही आणि मला पटलं नाही. शेवटी शेवटी तुम्हाला बसवत नव्हतं, तेव्हाही मी तुमच्याशी भांडले. म्हटलं, बऱ्या व्हा, तुमचा पाट सरळच करून टाकते बघा. तुम्ही डोळे मिटलेले ठेवून म्हणालात, "हात लावून तं पाह्य." हे आपलं शेवटचं बोलणं. लोक विचारतात, ताई शेवटी काय म्हणाल्या. मी सांगत नाही. त्यांना देवाचं नाव हवं असतं.

तुम्ही गेल्यावर मशीनचं शटर लावून कुलूप घातलं होतं. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले आणि आत्याबाई म्हणाल्या, "तिचा पाट काहाड." मला आधी कळलंच नाही. मग आठवलं, आपल्या घरची रीत. गेलेल्या बाईचा लग्नातला पाट नदीत सोडायचा. ज्याच्यावर बसून ती घरात आली त्याच्यावरच तिला निरोप. आत्याबाईंच्या सासूचा सोडला होता, चुलत सासवांचे सोडले होते. आत्याबाईंचा स्वतःचा पाट त्यासाठीच फडक्यात बांधून ठेवलाय, हे तुम्हालाही माहीत होतं.

मी म्हटलं, "नाही."

त्या म्हणाल्या, "काहून नाही? भोकं पाडले म्हनून का तो पाट राह्यला नाही?"

तुमचे दीर, म्हणजे माझे मालक, यांचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडून चांगलं व्हायचं. म्हणाले, "आई, राहू दे पाट. रंजना तो सरळ करून टाकते. लेकरं तरी खेळतीन. चार वायरीचं तं काम हाय." आणि माझ्याकडे पाहून, "तूच तं वर्षभर म्हनून राह्यली होती, सरळ करा, सरळ करा."

खरं होतं ते. मी म्हणत होते. आजही म्हणते. मी पाट काढला, पालथा केला, खालचं झाकण खोललं. लाल वायरी, आणि त्यावर तुमच्या गाठी, पोपटी, जांभळी, मोरपंखी, डाळिंबी. चारच स्विचांचं काम, चहा गाळेपर्यंत झालं असतं. माझ्या हातात पेचकस होता. मी आयटीआयवाली बाई, चुकीचं जोडकाम समोर दिसतंय आणि हात उचलत नाही. मी तिथंच बसून रडले ताई, पहिल्यांदा. घरातून तुम्हाला उचललं तेव्हा रडले नव्हते. हे आता सरळ केलं तर मी भांडण जिंकले असते, तेही तुम्ही पुढे बोलू शकत नाही तेव्हा. असलं जिंकणं मला नको.

झाकण लावलं. पाट उचलला, मशीनच्या पट्ट्यांत सरकवला, प्लग लावला, शटर उघडलं. मालक म्हणाले, "हे काय?"

मी आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "आत्याबाई, नदीत न्यायचा तं न्या. मी अडवत नाही. पन ताईनं सांगून ठेवलं होतं, तुमची पाळी राह्यली. ती घ्या, मंग न्या."

"मले नाही येत."

"ताईले तरी बसाच्या आधी कुठं येत होतं?"

मला वाटलं, त्या नेहमीचं मयतीचं बोलतील. पण ते वाक्य आता त्यांच्याच्यानं उच्चारवेना. आईआधी लेकरानं जायचं नसतं ताई, पण त्यांचा पोरगाही गेला आणि सूनही गेली, आणि त्या तिथं बसलेल्या. उठल्या. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना पदर लावला, खुर्ची पुढे ओढली आणि दांडी दोन्ही हातांनी धरली. मी बाजूला उभी. खरं सांगते, मी त्या आपटायची वाट पाहत होते. वर्षभर सगळ्या आपटल्या होत्या.

विमान खाली जायला लागलं. आत्याबाईंनी दांडी आपल्याकडे ओढली. विमान वर आलं. सोडली, पुन्हा ओढली. समोरून गोळ्या आल्या तशा त्या ओढत गेल्या, आणि विमान त्यांच्यामधून वर, वर.

"हे तं सोपं हाय," त्या म्हणाल्या. "दोर आपल्याकडं वढला का बादली वर येते."

त्यांनी जन्मभर विहिरीचं पाणी शेंदलंय. त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या पाटाला हात लावला नव्हता, त्यांना आधी काही विसरायचं नव्हतं. ट्रॉलीवाली तुम्ही आणि रहाटवाल्या त्या. त्या घरात त्या क्षणी उलटी कोण होती, तर मी. आणि तुम्ही हे ऐकायला नव्हतात याचा मला इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

त्या बराच वेळ खेळल्या. पडलं तेव्हा पदरानं बटणं पुसली, पितळी फुलीवरून अंगठा फिरवला. मालकांनी विचारलं, "आई, मंग जायचं का नदीवर?"

आत्याबाई उठता उठता म्हणाल्या, "नदीले पानी कुठं हाय सध्या? चिखलात टाकू का पाट?"

तेव्हा पाट इथंच आहे. नदीला पाणी येईल, तेव्हा पुन्हा विषय निघेल, मला माहीत आहे. निघू दे. मी तेव्हाही हेच सांगेन, आधी पाळी घ्या. गावाला सांगायचं ते सांगून झालंय, तुमच्या फोटोपुढे कुणी गरीब गाय म्हणालं की मी शटर उघडून त्याला तुमच्या पाटावर बसवते. पहिल्या गोळीला पडतो आणि गप्प होतो.

दुपारी बायका यायला लागल्यात परत. आधी त्यांना अवघड वाटलं, दाराशी थबकल्या. मी म्हटलं, दाराशी कुणी उभं राहायचं नाही. त्या आत आल्या. आत्याबाई आता तुमच्याच पाटावर बसतात आणि बाकीच्यांना शिकवतात, कसं ओढायचं ते. मी शेजारी बसून ऐकते. जोडकाम चुकीचं आहे ताई, हे मी तुमच्या तोंडावर म्हणत होते, पाठीमागेही म्हणेन. डावं ते डावंच.

पण सगळ्या गेल्या की मी माझा पाट काढून ठेवते. तुमचा लावते, आणि बसते. वर ढकलते, विमान खाली जातं. डावीकडे नेते, उजवीकडे जाऊन आपटतं. पेचकस बाजूलाच ठेवलेला असतो, हाताला लागेल असा. मी रोज हरते, आणि त्याला हात लावत नाही.